तिसऱ्या आलेल्या पैलवानाला हार कशासाठी?

प्रिय चिनू,

सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा अण्णाआजोबांनी तुला तालीम दाखवली होती. मारुतीच्या शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो, आणि दोघांनाही झेंडूचा हार. तेव्हा तू काही बोलली नाहीस. परवा शाळेच्या प्रकल्पासाठी मी खाशाबांचं नाव सुचवलं, तेव्हा मात्र विचारलंस, "बाबा, ते तिसरे आले ना? मग त्यांना देवासारखा हार कशासाठी? आणि पहिला कोण आला होता?"

प्रश्न मनाला लागला. सरळ उत्तर आधी देतो. हेलसिंकी, 1952, फ्रीस्टाइल कुस्तीचा बँटमवेट गट. पहिला जपानचा शोहाची इशी, दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव, तिसरे आपले खाशाबा. पहिली दोन नावं आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाहीत, आणि आम्हीही विचारली नाहीत.

आमच्या शाळेत जयंती-पुण्यतिथी म्हणजे काय असायचं ते तुला सांगायला हवं. टेबलावर धुतलेली चादर, त्यावर फोटो, हार, उदबत्ती. मग एकेक मूल पुढे येऊन हात मागे बांधून सुरू करायचं, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." माझी भाषणं माईआजी लिहून द्यायची, कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर. भाकऱ्या थापता थापता म्हणून घ्यायची. मी एखादं साल चुकलो की तव्यावरची नजर न हलवता दुरुस्त करायची. एका महिन्यात संत, दुसऱ्यात गायिका, तिसऱ्यात पैलवान. जन्म गरीब घरात, बालपण कष्टात, मग कीर्ती, शेवटी "अशा या थोर विभूतीस माझे कोटी कोटी प्रणाम". नावं आणि सनावळ्या तेवढ्या बदलायच्या. तरीही मला ते दिवस फार आवडायचे, हे लपवत नाही. गावातली कुणाचीही मुलं असोत, त्या टेबलापुढे आम्ही सगळे कुणाच्या तरी मोठेपणाबद्दल मान वर करून बोलायचो.

पण त्या भाषणांत न मावलेलंच मला आता जास्त आठवतं. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 15 जानेवारी 1926. लाल मातीत खेळणारा हा मुलगा 1948 साली लंडनला गेला. तिथे कुस्ती गादीवर, तीही परक्या नियमांनी, तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण! पदक घेऊन परतल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आमच्या भाषणात होतं. पण नंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्या पैशातून सरांचं घर सोडवलं, हे मला अण्णांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. तेव्हा मी तुझ्याएवढाच असेन. मला वाटतं, त्या फोटोला हार घालणाऱ्यांच्या मनात पदकाइतकंच ते घरही असतं. निदान अण्णांच्या मनात असतं.

पुढचं मात्र अण्णाही फारसं बोलत नसत. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 उजाडलं. एवढा माणूस 1955 मध्ये पोलिसात फौजदार म्हणून लागला, बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबला, 1984 साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. हार घालणं सोपं असतं म्हणून आपण हारावर भागवतो का, असं मला कधी कधी वाटतं. तुझ्या प्रश्नात बहुतेक हेच होतं, तू ते वेगळ्या शब्दांत विचारलंस.

आत्या गाणं शिकायची, म्हणून आमच्या घरात हिराबाई बडोदेकरांचाही फोटो होता. मिरजेत जन्मलेल्या, 1905 च्या. आमच्या भाषणात त्या "थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या" म्हणून सुरू व्हायच्या. आई-वडील वेगळे झाले, मुलं आई ताराबाईंकडे राहिली, हे त्यात नसायचं. बाईने तिकीट लावून उघड्या मैफलीत गाणं म्हणजे लोक नाकं मुरडणार, अशा काळात हिराबाई व्यासपीठावर बसल्या, आणि त्यांच्यामागून कितीजणींना ती वाट सोपी झाली. आत्याला तिच्या सासरी गाऊ दिलं नाही. तिच्यासाठी तो फोटो काय होता, हे तू तिलाच विचार, मी तिच्या वतीने बोलणार नाही.

गाडगेबाबांचं लिहिताना माझं मन दोन्हीकडे ओढतं. अमरावतीकडच्या शेंडगावचे डेबूजी. हातात खराटा, दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. कुणी पाया पडायला आलं की काठी उगारायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः झोपले कुठेही. आपण त्यांच्याच फोटोला हार घालतो! पण माझं अडतं दुसरीकडे. 1905 साली ते बायको-मुलं सोडून घराबाहेर पडले. पुढे कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची बातमी आली, तर "मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" म्हणून कीर्तन पुढे चालू ठेवलं, असं सांगतात. लहानपणी हे वाक्य मी छाती फुगवून म्हणायचो आणि टाळ्या घ्यायचो. तू जन्मल्यापासून मला ते म्हणवत नाही. कुंताबाईंना, त्यांच्या बायकोला, त्या दिवशी काय वाटलं असेल, याचाच विचार येतो. तरी बाबा मोठेच होते असं मी म्हणेन, आणि तुला पटलं नाही तर तेही मी समजू शकेन.

प्रकल्पासाठी खाशाबांनाच घे असा माझा हट्ट नाही. तुझ्या वर्गाला माहीत असलेली फुटबॉलपटू घेतलीस तरी मी तितक्याच आवडीने वाचेन. खाशाबांवर लिहिणार असशील, तर इशी आणि मामेदबेयोव ही नावं वर घाल. इशींशी लांबलेली लढत संपते न संपते तोच, विश्रांती न देता खाशाबांना मामेदबेयोवपुढे उभं केलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं आमच्याकडे सांगतात. ते खरं की आपल्या माणसाची बाजू घेऊन सांगितलेलं, हे तू शोध. अण्णा रविवारी फोनवर असतीलच. तू विचारलंस तर तासभर बोलतील, फक्त जरा मोठ्याने बोल, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.

तुझा,
बाबा