स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळं होईल म्हणून नॅटवेस्ट बँकेचे शेअर विकू का?

अरे थांब जरा, हेडलाईन वाचून लगेच विकू नकोस. २०१४ चं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं मतदान आठव, सप्टेंबरच्या सुरुवातीला यूगव्ह या सर्व्हे कंपनीच्या एका पोलमध्ये 'यस' (म्हणजे वेगळं व्हायचं) पुढे दिसलं आणि सोमवारी मार्केट उघडताच आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) आणि लॉइड्स या दोन्ही बँकांचे शेअर घसरले, मग दोघांनीही सांगून टाकलं की यस आलं तर आम्ही रजिस्टर्ड ऑफिस इंग्लंडला नेऊ. १८ तारखेला मतदान, ५५ टक्के 'नो', दुसऱ्या दिवशी शेअर वर. म्हणजे घाबरून विकणारे फुकट गेले.

तेव्हाचं आरबीएस म्हणजेच आत्ताचं नॅटवेस्ट ग्रुप, २०२० ला नाव बदललं. हेड ऑफिस एडिनबरा असलं तरी धंदा बराचसा इंग्लंडातला, त्यामुळे पत्ता बघून रिस्क ठरवू नको, ॲन्युअल रिपोर्ट उघड आणि कर्ज कुठे, कोणाला दिलंय, बुडीत किती, कॅपिटल रेशो (कर्जाच्या रिस्कच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल) किती ते बघ (कंटाळवाणं आहे, पण बँकेत खरी माहिती तिथेच असते). आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वेस्टमिन्स्टरच्या (ब्रिटिश संसदेच्या) संमतीशिवाय होलीरूडला (स्कॉटिश संसदेला) स्वातंत्र्याच्या रेफरेंडमचा, म्हणजे सार्वमताचा, कायदा करता येत नाही, सो उद्या सकाळी काही होत नाहीये.

पण राजकारण अगदीच सोडून देऊ नकोस हां. ब्रेक्झिटच्या निकालाच्या दिवशी, २४ जून २०१६ ला, लॉइड्स एका दिवसात २० टक्क्यांच्या आसपास पडला होता, पौंडपण सोबत घसरला, आणि तुझा हिशोब रुपयात असेल तर मार डबल. म्हणून एकाच बँकेत सगळं टाकू नको, आणि दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तर अजिबात नाही.