संगीत शिक्षक नसलेल्या मराठी शाळेत मुलांना गाणं कसं शिकवावं?

सर, तुमचा प्रश्न असा, की खानापूर तालुक्यातल्या पहिली ते सातवीच्या सरकारी मराठी शाळेत तुम्ही नुकतेच रुजू झालात. संगीत शिक्षक नाही, स्वतःला गाण्याचं अंग नाही, आणि शाळा सुधारणा समितीची मंडळी जानेवारीतल्या संमेलनाबद्दल आत्तापासून विचारायला लागलीत. रेकॉर्डवरचे नाच सोडून काही जमेल का, आणि समितीकडं थोडे पैसे आहेत त्यातनं पेटी घ्यावी की कीबोर्ड, हेही विचारलंय. मी बेळगाव जिल्ह्यातच सरकारी मराठी शाळांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझं संगीताचं शिक्षण गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंतचं, म्हणजे फार नाही. पण तुमच्या कामाला तेवढं पुरतं.

संगीत शिक्षकाची वाट बघू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कला शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक सांगितलाय तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभरावर असेल तिथं. खालच्या वर्गांसाठी कायद्यानं तसं काही मागितलेलंच नाही. सीमाभागातल्या किती मराठी शाळांत वरच्या वर्गांचा पट शंभरावर जातो, ते तुम्हीच बघा की. तेव्हा गाणं वर्गशिक्षकाच्याच गळ्यात.

सुरुवात कुठं करायची? सकाळच्या प्रार्थनेत. मुलं रोज नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत म्हणतात, राष्ट्रगीत म्हणतात. कवी कुवेंपूंचं नाडगीत म्हैसूर अनंतस्वामींच्या चालीत अडीच मिनिटांत म्हणायचं, असं कर्नाटक सरकारनं २०२२ मध्ये ठरवून दिलं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. म्हणजे रोज तीन-साडेतीन मिनिटांचं समूहगान आपल्याला आयतं मिळालंय, आणि बहुतेक शाळांत ते नुसतं ओरडण्यात जातं. ‘आवाज आला नाही, मोठ्यानं!’ असं आपणच दरडावतो. हे वाक्य बंद करा. त्याऐवजी ‘शेजारच्याचा आवाज ऐकू येईल एवढ्यानंच म्हणा’ असं सांगा. आठवड्याभरात फरक कळतो.

आता पट्टीचं, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा त्याचं. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीनं पांढरी एक किंवा काळी एकमध्ये गाणं उचलतात. मुलांचा गळा त्याच पट्टीत वरच्या सप्तकात लागतो. मुखडा निभतो, पण अंतरा तार सप्तकात चढला की मुलांच्या मानेच्या शिरा फुगतात. मग लोक म्हणतात, पोरं बेसूर आहेत. पोरं बेसूर नसतात, पट्टी त्यांची नसते. लहान मुलांना काळी चार किंवा काळी पाच साधारण सोयीची पडते. मोबाईलवर तानपुऱ्याचं फुकट ॲप मिळतं, त्यात जी शार्प म्हणजे काळी चार आणि ए शार्प म्हणजे काळी पाच. ते लावून ठेवा आणि त्यावर ‘सा’ धरायला लावा, बास. गाणं निवडताना त्यातली सगळ्यात उंच ओळ आधी शोधा आणि तीच चौथीच्या मुलांकडून म्हणवून घ्या. ती सहज निघाली तर गाणं घ्यायचं, नाहीतर पट्टी उतरवायची किंवा गाणंच सोडायचं. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत फिरणारी चाल प्राथमिकला भरपूर झाली. राष्ट्रगीत तपासायचं असेल तर ‘जय हे’ ऐका. तिथं सूर तार षड्जाला पोचतो, आणि चढ्या पट्टीत सुरू केलेलं सगळं तिथं उघडं पडतं.

तुम्हाला गाता येत नाही, याचा एक फायदाच आहे. लहान मुलं पुरुषाच्या खर्जातल्या आवाजामागं जायला गोंधळतात, मुलाच्या किंवा बाईमाणसाच्या आवाजामागं पटकन जातात. सहावी-सातवीतली एखादी सुरेल मुलगी किंवा गळा न फुटलेला मुलगा पुढं उभा करा. ओळ त्यांनी म्हणायची, बाकीच्यांनी मागनं. नवीन गाणं पहिल्या दिवशी फक्त ऐकवायचं, म्हणवून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुखडा. शब्द गाण्यातनंच पाठ होऊ द्यात, फळ्यावर लिहून ठेवलेत की पोरं वाचत बसतात आणि सूर सुटतो. पंधरवड्याला एक गाणं धरलं तरी दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत शाळेकडं बऱ्यापैकी साठा होतो. भूप रागावरची चाल मिळाली तर आधी ती घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर, जवळजवळचे अडचणीचे स्वर नाहीत, त्यामुळं मुलं घसरत नाहीत.

एक मात्र करू नका. सूर न लागणाऱ्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणू नका. पहिली-दुसरीत बरीच मुलं एकाच सुरात बोलल्यासारखं गातात. त्यांचा कान अजून तयार व्हायचा असतो. गात राहिली तर चौथी-पाचवीपर्यंत त्यातली बहुतेक सुरात येतात. गप्प बसवलेलं पोर मात्र पुढं आयुष्यभर ‘मला गाता येत नाही’ म्हणत राहतं. अशा मुलाला सुरेल मुलाच्या शेजारी उभं करा, मागच्या रांगेत टाकू नका.

तालाची चिंता करू नका. आपल्या शाळांत लेझीम असतेच. गाण्यात ताल सोडणारं तिसरीतलं पोर लेझमीत एक पाऊल चुकत नाही, हे तुम्ही बघालच. तेव्हा लेझमीची पावलं लेझीम हातात न घेता टाकायची आणि तोंडानं गाणं म्हणायचं. केरव्याच्या आठ मात्रा पायात बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रांना टाळी-चुटकी पुरते.

शिवाय गावात भजनी मंडळ असणारच. पेटीवाले, पखवाजवाले आहेत, आणि सप्ताहात बसून निम्म्या वर्गाचा हरिपाठ पाठ आहे. शनिवारी सकाळच्या शाळेला त्यांच्यातल्या एखाद्या काकांना तासभर बोलवा, आनंदानं येतात. आधी एवढंच सांगून ठेवा, की पट्टी मुलांची, त्यांची नाही. भजनातला चढा सूर मुलांच्या गळ्याला झेपत नाही. आणि सगळंच अभंगांवर नेऊ नका. तुमच्या वर्गात मुसलमान, लिंगायत पोरं असतील, चिकोडी-निपाणीकडं तर जैन मुलंही भरपूर असतात. अभंगाशेजारी बसवण्णांचं एखादं वचन, एखादं शेतातलं गाणं, एखादं पावसाचं बालगीत असलं की कुणालाच परकं वाटत नाही.

कन्नड गाण्याचं विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. संमेलनाला सीआरपी म्हणजे क्लस्टरचे साधन व्यक्ती येतात, कधी बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातलं कुणी येतं, आणि कार्यक्रमात एक कन्नड गाणं असावं अशी अपेक्षा असते. ते उरकून टाकायचं म्हणून घेऊ नका, चांगलं बसवा. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपण मुलांना देवनागरीत लिहून दिलं की तो फरक वहीतनं गायब होतो आणि पोरं ऱ्हस्व अक्षर ओढत बसतात. शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंकडून ओळी दोन-तीनदा वाचून घ्या, मोठ्या मुलांना कन्नड लिपीतच लिहायला लावा. सीमावादाचं मोठ्यांनी बघावं. पोरांना चाल आवडली की ती जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तेच गाणं गुणगुणतात, मग ते कुठल्या का भाषेतलं असेना.

बेळगावजवळच्या सुळेभावीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२४ मध्ये तिथं जन्मलेला शिवपुत्र कोमकली लहानपणी ग्रामोफोनवरच्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचा, त्यावरच त्याला कुमार गंधर्व म्हणायला लागले. लोक ही गोष्ट ‘आमच्या पोरालाही स्टेजवर चढवा’ म्हणून सांगतात. त्यातला पुढचा भाग सांगत नाहीत, की त्या नावाजलेल्या पोराला वडिलांनी मुंबईला बी. आर. देवधरांकडं शिकायला ठेवलं. मला त्यातनं आपल्या कामाचं वाटतं ते वेगळंच. पोरं जे ऐकतात ते उचलतात. दिवसभर डीजे ऐकला तर डीजे उचलतील.

म्हणून ‘प्रतिभा कारंजी’ या शिक्षण खात्याच्या कलास्पर्धेला मी संगीत शिक्षण म्हणत नाही. क्लस्टर, तालुका, जिल्हा, राज्य अशी ती चढती स्पर्धा आहे. परिपत्रक आलं की मुलं जरूर पाठवा, एखाद्या लाजऱ्या पोराला त्यातनं धीर येतो. पण तिथं दोन-चार गळे निवडले जातात आणि शिक्षक महिनाभर त्यांनाच घोटत बसतात. बाकीच्या साठ-सत्तर पोरांचं काय?

संमेलन याच्या उलट असावं. रेकॉर्डवरचे नाच एकदम बंद केलेत तर पालक रागावतील, दोन-तीन ठेवा. बाकी प्रत्येक वर्गाचं एक गाणं, आणि वर्गातलं प्रत्येक पोर स्टेजवर. वर्षभर प्रार्थनेत म्हटलेलीच गाणी घ्या, म्हणजे डिसेंबरमध्ये तास बुडवून तालमी कराव्या लागत नाहीत. पहिली-दुसरी सुरुवातीलाच घ्या, नाहीतर पाहुण्यांची भाषणं होईपर्यंत ती आईच्या मांडीवर झोपलेली असतात. कराओके ट्रॅक नको, तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि पुन्हा तीच ओरड. माईक मुलांच्या हातात देऊ नका, तो ज्याच्या हातात असतो त्याचाच आवाज येतो. स्टँडवर दोन माईक, मुलांपासून दोन-तीन हात लांब, साऊंडवाल्याला आधी बजावून. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा सत्कार कमी करा. शाळेत पालकांसमोर मुलांनी गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, पण सिनेमाच्या रेकॉर्डवरचा नाच यूट्यूबवर टाकलात तर तिथं क्लेम येऊ शकतो. मुलांच्या स्वतःच्या आवाजातलं भजन-ओवी टाकलीत तर ही कटकट नाही.

आता पेटी की कीबोर्ड. कीबोर्डचा एक खरा फायदा आहे: तुम्हाला एकाच पट्टीत बोटं फिरवता येत असतील तर बटण दाबून काळी पाचमध्ये आणता येतं. पण तुमच्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळ असते ते तुम्हाला माहीत, आणि तुमची बदली झाली की कीबोर्ड हेडमास्तरांच्या कपाटात जातो. पेटी वाजवणारं माणूस मात्र गावात कायम असतं. जुनी पेटी चालेल, भजनी काकांना बरोबर घेऊन जा. भाता भरून, कळ न दाबता सोडून बघा. लगेच खाली बसला तर हवा गळतेय, घेऊ नका. प्रत्येक सूर एकेकटा वाजवून बघा. दोन सुरांची (डबल रीडची) साधी पेटी पुरे, स्केल चेंजरवर म्हणजे पट्टी सरकवता येणाऱ्या पेटीवर पैसे घालू नका, महाग असते आणि बिघडली तर गावात दुरुस्त होत नाही. मोठी दुरुस्ती निघालीच तर मिरज आपल्याला रेल्वेनं जवळ आहे, तिथं वाद्यांचे जाणते कारागीर आहेत. जून ते सप्टेंबर पेटी जमिनीवर ठेवू नका, कोरड्या कपड्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि एक-दोन दिवसांआड वाजवा, नाहीतर आतल्या सुरांना, म्हणजे रीडना गंज चढतो. तबला यंदा घेऊच नका. आपल्याकडच्या दमट हवेत पुडी उतरते आणि ती ठोकून सुरात आणणारं माणूस शाळेत नसतं. दोन जोड झांजा घ्या, लेझीम आहेच, यंदाचं संमेलन तेवढ्यावर होतं.