लहरीची उंची आणि मुलाची कुवत

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के होते, आता गणित-फिजिक्समध्ये जेमतेम निम्मे मार्क. एका सेमिनारमध्ये त्याची ‘ब्रेनवेव्ह टेस्ट’ करून घेतली. ‘पी३०० लहरीची उंची सरासरीपेक्षा कमी’ आणि ‘या उंचीचा बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांशी ०.३ सहसंबंध’ असा रिपोर्ट आला. लहर वाढवण्यासाठी त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स सुचवला आहे. टेस्ट चालू असताना मुलगा ‘तेच आवाज इतक्या वेळा कशाला ऐकवता?’ असले नको ते प्रश्न विचारत होता. रिपोर्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवला, तरी त्याच्यात फरक नाही. हल्ली आमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. कोर्स लावावा की इंजिनिअरिंगचा नाद सोडावा?
— एक पालक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो. रिपोर्ट तुम्ही घरात सगळ्यांना वाचून दाखवलात. कशासाठी? मार्क कमी पडले तर मूल म्हणू शकतं, पुढच्या परीक्षेला जोर लावीन. डोक्यातली लहरच बुटकी आहे असं चारचौघांत ऐकल्यावर त्यानं कशाला जोर लावायचा? तो ताटावर येत नाही, ही मला त्याच्या फिजिक्सच्या मार्कांपेक्षा कितीतरी मोठी काळजी वाटते. कोर्सचं नंतर बघू. आधी त्याच्या खोलीत जा आणि ‘माझं चुकलं’ म्हणा. बापानं मुलापुढे असं म्हटलं म्हणून काही बिघडत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत तो बोलता झाला नाही, तर मात्र चांगल्या समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.

आता त्या ०.३ बद्दल. एकसारख्या आवाजांत मधूनच वेगळा आवाज आला, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत जी विद्युत लहर उठते, तिला पी३०० म्हणतात. हा आकडा वाचून तुम्ही मुलाचं भविष्य ठरवायला निघालात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं कमी-जास्त होतात त्याचं माप; तो गटाचा गुणधर्म असतो, एका मुलाचा नाही. ०.३ चा वर्ग करा, ०.०९ येतो. म्हणजे आकडा खरा मानला तरी, मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यातला ९ टक्केच वाटा लहरीच्या उंचीशी जोडता येतो. उरलेल्या ९१ टक्क्यांबद्दल लहर काहीच सांगत नाही. उंच माणसं साधारणपणे वजनानंही जास्त असतात आणि तिथला सहसंबंध याहून बराच मोठा असतो. तरीही नुसती उंची ऐकून शेजाऱ्याचं वजन किलोत सांगता येईल का? शिवाय पी३०० ची उंची रात्रीची झोप, कंटाळा, लक्ष, कवटीची जाडी, वेगळा आवाज किती क्वचित वाजवला, अशा अनेक गोष्टींनी बदलते. १९६९ साली एर्टल आणि शेफर या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिसादाचा वेग आणि बुद्ध्यंक यांचं नातं ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं. पुढच्या प्रयोगांत ते कधी सापडलं, कधी नाही. पन्नासहून अधिक वर्षं संशोधक ज्यावर वाद घालताहेत, त्यावर सेमिनारच्या मांडवात निकाल लागत नाही. गुन्ह्याच्या तपासात अशी मेंदूची चाचणी कुणावर बळजबरीनं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. तुमच्या मुलाला तर कुणी विचारलंही नसावं.

कोर्स लावू नका. लहर उंच झाल्यानं गणित सुटत नाही. निम्मे मार्क का पडताहेत, ते त्याच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून गणिताच्या शिक्षकांसोबत बघा. दहावीनंतरची ही घसरण बऱ्याच घरांत दिसते. इंजिनिअरिंगला सीईटी आणि जेईई आहेतच, ते तुम्हाला ठाऊक आहे. निर्णयाला अजून वर्ष आहे.

आणि आता त्याचे ते ‘नको ते प्रश्न’. अहो, त्या खोलीत विचारलेला सगळ्यांत चांगला प्रश्न तोच होता! एका आवाजाला मेंदू देतो तो प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांचा असतो आणि मेंदूच्या इतर गजबजाटात तो बुडून जातो. तोच आवाज शंभरदा ऐकवून सरासरी काढली की गजबजाट साधारण दहापट ओसरतो, प्रतिसाद मात्र टिकतो. वर्गमूळाचा नियम आहे हा, १०० चं वर्गमूळ १०. १९६५ मध्ये संशोधक सटन आणि सहकाऱ्यांनी पी३०० पकडली ती सरासरीच्या याच युक्तीनं. हे ज्याला खटकलं, त्याला बायोमेडिकल इंजिनिअरिंग, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेशपरीक्षा, किंवा पदवीनंतर आयआयटी गांधीनगरचं संज्ञान विज्ञानाचं, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात त्याच्या अभ्यासाचं एमएस्सी, या वाटा आवडू शकतील. मानसशास्त्राची पदवी आणि जोडीला पक्कं संख्याशास्त्र, हीसुद्धा तितकीच सरळ वाट आहे. त्याला यातलं काहीच नको असेल, तर तेही चालेल.

माफी मागून झाली की वहीवर त्याला ते वर्गमूळ समजावून सांगा. तुम्हाला जमलं नाही तर त्यालाच सांगायला लावा. ऐकून तो पुढचा प्रश्न काय विचारतो, तेवढं मला जरूर कळवा.