म्हातारपणावर संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांस

(गुहागर तालुक्यातील एका गावातून आलेल्या पत्राचा गोषवारा: घरची चाळीस हापूसची कलमे आणि गावात किराणा मालाचे दुकान. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून गणित सोडून फक्त जीवशास्त्र ठेवण्याच्या विचारात आहे. आजी 91 वर्षांची आणि अजून परसदारची भाजी स्वतः राखते, तर मुंबईला नोकरी करणारा काका 54 व्या वर्षी हृदयविकाराने गेला. एकाच घरात असे का, हा प्रश्न तेव्हापासून मुलीच्या मनात आहे. मोबाईलवर वय उलटे फिरवण्याचे व्हिडिओ पाहून तिने याच शास्त्रात करिअर करायचे ठरवले आहे. शहरातील एका संस्थेने बारावीनंतर एक वर्षाचा ‘अँटी-एजिंग डिप्लोमा’ लाखभर रुपयांत देऊ केला आहे. वडिलांचे प्रश्न: हे शास्त्र खरे की खूळ, पदवी कोणती घ्यावी, पोट भरेल का आणि घराजवळ काही शिकता येईल का.)

स. न. वि. वि.

डिप्लोमाचे उत्तर एका वाक्याचे आहे, म्हणून ते आधी देतो: पैसे भरू नका. ज्या विषयात वीस-वीस वर्षे काम केलेल्या शास्त्रज्ञांचेही ‘शरीराचे वय मोजायचे कशाने’ यावर अजून एकमत नाही, त्या विषयात बारावी झालेल्या मुलीला एका वर्षात जे शिकवता येईल, ते बहुतेक गोळ्या आणि पावडरी विकण्याचे कसब असेल.

आता शास्त्राविषयी. ते खरे आहे आणि आपल्याला वाटते तितके नवेही नाही. माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात ठराविक वेळाच विभागतात आणि मग थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवले होते. तरीही वार्धक्य म्हणजे यंत्राची झीज आणि झिजेत अभ्यासण्यासारखे फारसे काही नसते, असा समज पुढेही बराच काळ टिकून होता. त्याला मोठा धक्का बसला तो 1993 मध्ये. सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दोन-तीन आठवडे जगणाऱ्या, मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले, आणि ते जनुक आपल्या शरीरातील इन्सुलिनच्या यंत्रणेच्या नात्यातले निघाले. 2009 मध्ये अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे उंदरांना रॅपामायसिन हे औषध दिले. उंदीर 600 दिवसांचे, म्हणजे उतारवयाला लागलेले होते, तरीही नर आणि माद्या दोघांचेही आयुष्य वाढले. आयुष्याची लांबी बाहेरून बदलता येते आणि उशिरा सुरुवात करूनही बदलता येते, हे त्यातून दिसले.

परंतु कृमीपासून उंदरापर्यंत आणि उंदरापासून माणसापर्यंतची वाट घाटाची आहे. निरोगी माणसाचे आयुष्य वाढवते असे सिद्ध झालेले एकही औषध आज नाही. शरीरात साठलेल्या, विभागणे थांबलेल्या जरठ पेशी काढून टाकल्या की उंदीर अधिक निरोगी राहतात हे प्रयोगांत दिसले होते. त्याच कल्पनेवर उभे असलेले गुडघेदुखीवरचे एक औषध 2020 च्या मानवी चाचणीत बिनऔषधी इंजेक्शनापेक्षा सरस ठरले नाही. व्हिडिओंमध्ये घाटाचा हा भाग सहसा कापलेला असतो.

आपल्या मुलीला मी एक गोष्ट जरा सविस्तर सांगू इच्छितो, कारण मुलीच्या पुढच्या सगळ्या निवडी या गोष्टीवर अवलंबून आहेत. ही गोष्ट आपल्या शरीरात असणाऱ्या आणि अन्नातूनही मिळणाऱ्या टॉरीन या पदार्थाची आहे. जून 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. उंदीर, माकड आणि माणूस या तिघांच्या रक्तातील टॉरीन वयाबरोबर घटते आणि मध्यमवयीन उंदरांना ते रोज दिले तर त्यांचे आयुष्य 10 ते 12 टक्क्यांनी वाढते, असे त्यात म्हटले होते. जगभर गाजावाजा झाला आणि टॉरीनच्या डब्या विकल्या जाऊ लागल्या. (टॉरीन तिसऱ्या आणि कालवांत भरपूर असते, आजींच्या आयुष्याचे श्रेय तिसऱ्यांच्या एकशिपीला देण्याचा मोह मलाही झाला होता.) दोनच वर्षांनी, जून 2025 मध्ये, त्याच ‘सायन्स’मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतील शास्त्रज्ञांचा निबंध आला. त्यांना वयाबरोबर टॉरीन घटताना दिसले नाही. ते बहुतेक ठिकाणी होते तितकेच राहिले किंवा वाढले, आणि वयामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरकच मोठा निघाला. उंदरांचे आयुष्य वाढल्याचा मूळ दावा यामुळे खोटा ठरला नाही. मात्र टॉरीनवरून वय ओळखता येईल ही आशा मावळली.

हा फरक कसा पडला, हे मुलीने समजून घ्यावे. आज वीस वर्षांची काही आणि सत्तर वर्षांची काही माणसे एकाच दिवशी तपासून त्यांची तुलना करता येते, किंवा तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासता येतात. पहिली रीत स्वस्त आणि झटपट असते, पण तिच्यात एक खड्डा असतो. नव्या अभ्यासाचे बळ हे होते, की त्यात त्याच त्याच व्यक्तींचे वेगवेगळ्या वयात घेतलेले नमुनेही होते.

हा खड्डा आपल्या कोकणाइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. समजा, कोणी आपल्या गावात येऊन तिशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांची तुलना केली. तिशीतले बहुसंख्य तर मुंबईला. ते भेटणार गणपतीला आणि शिमग्याला. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि तेही कमावत्या पुरुषांच्या स्थलांतरामुळेच. म्हणजे गावात उरलेला तरुण हा सगळ्या तरुणांचा प्रतिनिधी नव्हे, आणि सत्तरीतला म्हातारा हा त्याच्या पिढीतला जगून वाचलेला माणूस आहे. या दोघांत जो फरक दिसेल तो वयाचा, की कोण गेले, कोण राहिले आणि कोण वाचले याचा, हे वेगळे करायला संख्याशास्त्र लागते आणि संख्याशास्त्राला गणित लागते.

म्हणूनच, मुलीने गणित सोडू नये, हा या पत्रातील माझा मुख्य सल्ला आहे. पंधरा वर्षांनी, ती स्वतःच्या पायावर उभी राहील तेव्हा, टॉरीन, रॅपामायसिन किंवा जरठ पेशी यांपैकी कोणता प्रश्न जिवंत असेल हे आज कोणीही सांगू शकणार नाही. हर्णै बंदरावर लिलावाला उभी राहणारी बाई सुरमईचा कल्ला उघडून पाहिल्याखेरीज बोली लावत नाही. मुलीने आधी कल्ला पाहायला शिकावे, मासा कोणता घ्यायचा ते नंतर ठरेल. गणित सोडण्याचा अर्ज अजून दिला नसेल तर तो देऊ नका, आणि दिला असेल तर प्राचार्यांना उद्याच भेटा.

पदवीचे म्हणाल, तर ‘दीर्घायुष्य’ नावाची पदवी शोधत बसू नये. जीवशास्त्राची भक्कम पायाभूत पदवी घ्यावी. माझी पहिली पसंती पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेतील पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाला राहील. त्याच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, म्हणजे गणित सोडलेली मुलगी पाव पेपर हातचा घालवूनच बसते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील मूलभूत विज्ञान केंद्रासाठी ‘नेस्ट’ ही वेगळी परीक्षा आहे; तीही द्यावी. दोन्हीकडे जमले नाही तर रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून बीएस्सी करून, ‘जॅम’ परीक्षा देऊन एमएस्सीला मोठ्या संस्थेत जाता येते. हा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना तो दुय्यम वाटतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

घराजवळच्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. शिरगाव, रत्नागिरी येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे. मत्स्यशास्त्राचा वार्धक्याशी काय संबंध, असे आपण म्हणाल. घोळ किंवा ढोमा कापताना डोक्यात पांढरा खडा सापडतो, तो मुलीने पाहिलेला असेल. तो माशाच्या कानातला खडा. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वलये असतात आणि ती मोजून माशाचे वय काढतात. आपल्या उबदार समुद्रातील माशांत ही वलये थंड समुद्रातल्यासारखी ठळक नसतात, त्यामुळे हे काम कौशल्याचे ठरते. मासे हा या शास्त्रात आडवळणाचा विषयही नाही. आफ्रिकेतील पावसाळी डबक्यांत राहणारा किलिफिश काही महिन्यांतच म्हातारा होतो, म्हणून तो आज वार्धक्याच्या प्रयोगशाळांतून मुद्दाम पाळला जातो. उलट प्राणिसंग्रहालयांतील कासवांच्या 52 जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जातींत वार्धक्य अत्यंत मंद किंवा जवळजवळ नसल्यासारखे आढळले, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी गोष्ट आपल्या कलमांची. आंबा पिकतो तसाच माणूस पिकतो का, असे मुलीने आपल्याला विचारल्याचे आपण लिहिले आहे. प्रश्न उत्तम आहे. आंब्याचे पिकणे ही झाडाने योजलेली क्रिया आहे. इथिलीन वायूच्या इशाऱ्यावर ती सुरू होते आणि कोय दूरवर पोहोचावी हा तिचा हेतू असतो. माणसाच्या म्हातारपणाला असा हेतू नसावा, असे बहुसंख्य जीवशास्त्रज्ञ मानतात. संतती झाल्यानंतरच्या वयातील दोष गाळून टाकण्याचे निसर्गाचे बळ हळूहळू ओसरते, त्यामुळे ते दोष साचत जातात, ही मांडणी पीटर मेडावर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस केली. आपण ‘पिकले पान’ म्हणतो खरे, पण त्या अर्थाने माणूस पिकत नाही.

पोटापाण्याविषयी स्पष्ट लिहितो. पदवी आणि पीएचडी मिळून दहा-अकरा वर्षे जातात. पीएचडीच्या काळात, राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास, 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरभाडे भत्ता वेगळा. त्यावर एका माणसाचे नीट भागते, घराला हातभार मात्र बेताचाच लागतो. त्यानंतरच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि उमेदवार पुष्कळ. संख्याशास्त्र आणि संगणक येणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला औषधकंपन्या, रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्याची कामे अशा आणखी वाटा खुल्या राहतात. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने 2017-18 मध्ये देशभरातील 45 वर्षांवरील 72,000 हून अधिक लोकांची पाहणी केली आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची तिची योजना आहे. वर ज्या दुसऱ्या रीतीविषयी लिहिले, तीच ही. आपल्या मुलीचा ओढा प्रयोगशाळेपेक्षा माणसांकडे असेल, तर तिला तिथे अधिक रमेल.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. काकांच्या मृत्यूनंतर हे वेड लागले, असे आपण लिहिता. ‘काकासारखे कोणी अवेळी जाऊ नये’ हे जर तिच्या मनातले खरे वाक्य असेल, तर त्याचे उत्तर वार्धक्याच्या शास्त्रात नाही. तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांवर काय करावे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. ते माणसांपर्यंत पोहोचवणारे हात कमी आहेत. तसे असेल तर तिने ‘नीट’ देऊन वैद्यकाकडे जावे, किंवा परिचर्येकडे वळावे. ‘असे का होते’ हेच तिला छळत असेल, तर मात्र वर लिहिलेली वाट तिची. हे तिला आपण विचारू नका, आजींना विचारू द्या; मुली आजीला खरे सांगतात.

आजींचा विषय निघालाच आहे, तर एक काम सुचवतो. ‘रामदास बोट बुडाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते’ या आजींच्या बोलण्यावरून आपण त्यांचे वय 91 धरले आहे. बोट 17 जुलै 1947 रोजी बुडाली, हे पक्के. तेरा हा आकडा मात्र आठवणीतला आहे. महर्षी कर्वे 104 वर्षे जगले असे आपण निःशंकपणे म्हणतो, कारण 18 एप्रिल 1858 आणि 9 नोव्हेंबर 1962 या दोन्ही तारखा नोंदलेल्या आहेत. अतिवृद्धांच्या बाबतीत अशा नोंदी किती कच्च्या असतात, हे दाखवणाऱ्या संशोधकाला 2024 मध्ये इग्नोबेल हे मिश्कील पारितोषिक मिळाले. मुलीने या दिवाळीच्या सुट्टीत आजींच्या माहेरच्या तालुक्याला जाऊन तहसील कार्यालयात गाव नमुना नंबर 14, म्हणजे जुने कोतवाल बुक, पाहण्यासाठी अर्ज करावा. नोंद मोडी लिपीत असू शकेल, तेव्हा वाचणारा जाणकार बरोबर न्यावा. तिथे पुष्कळदा मुलीचे नाव नसते. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच असते, आणि भावंडे जास्त असली तर त्यांतली आजी कोणती हे बाकीच्यांच्या वयांवरून ताडावे लागते. काय सापडले, आणि सापडले नाही तर का, हे तिने स्वतः मला दोन पानांत लिहून पाठवावे. आयसरच्या परीक्षेची तयारी कुठून सुरू करायची, ते मी त्या पत्राच्या उत्तरात लिहीन.