पोरगी वर्गात गप्प बसते, म्हणून कॉलेज सोडवू नका

जांबोटीकडच्या एका वडिलांचं पत्र आलंय. पोरगी दहावीपर्यंत मराठी शाळेत, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी सायन्सला बरे मार्क, आता बेळगावात कॉम्प्युटर सायन्स इंजिनीअरिंगला फर्स्ट इयरला आहे. सर नोट्स लिहून देत नाहीत, घरनं व्हिडिओ बघून या म्हणतात आणि वर्गात ग्रुप करून प्रॉब्लेम सोडवायला लावतात, प्रेझेंटेशन द्यायला लावतात, तिथं ती गप्प बसते, इंटर्नलला मार्क कमी पडलेत. काढून बीएस्सीला घालू का, असं विचारलंय त्यांनी.

दादा, नको. तिचं डोकं कमी पडत नाहीये, इंग्लिशमधनं चारचौघांत बोलायची भीती आहे ती, आणि बीएस्सीला गेली तरी ती भीती सोबत जाणारच की. सर असं का शिकवतात तेही बघा, एकाच वर्गात मराठी मीडियमची, कन्नड मीडियमची, सीबीएसईची पोरं असतात, पुढच्या वर्षी डिप्लोमावाले थेट सेकंड इयरला येऊन बसतील, सगळ्यांना एकाच स्पीडनं फळ्यावर लिहून दिलं तर निम्मी मागं राहतात. व्हिडिओ थांबवून परत परत बघता येतो, याचा सगळ्यात जास्त फायदा तुमच्या पोरीसारख्यांनाच आहे. हां, पण नुसतं 'यूट्यूब बघा' म्हणून सोडून दिलं तर ते शिकवणं नव्हे, व्हिडिओनंतर वर्गात शंका सुटायलाच पाहिजेत, आणि त्या विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

इंटर्नल मात्र हलक्यात घेऊ नका. व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्याकडच्या इंजिनीअरिंग युनिव्हर्सिटीच्या, 2022 च्या स्कीमला (अभ्यासक्रम आणि मार्कांच्या नियमांना) थिअरी विषयात 50 मार्क इंटर्नलचे आणि 50 फायनलचे, इंटर्नलला 50 पैकी 20 पडले नाहीत तर त्या विषयाच्या फायनलला बसूच देत नाहीत. टेस्टसोबत असाइनमेंट वगैरे पण धरतात, म्हणजे शेवटच्या महिन्यात रात्र जागून भरून निघणारं हे नाही.

आता करायचं काय तर एआयसीटीईच्या (टेक्निकल शिक्षणाच्या केंद्र सरकारी संस्थेच्या) ई-कुंभ पोर्टलवर इंजिनीअरिंगची पुस्तकं मराठीत फुकट आहेत, धडा आधी त्यातनं समजून घ्यायचा आणि मग तोच इंग्लिश पुस्तकातनं वाचायचा, कारण पेपर इंग्लिशमधनंच लिहायचाय. आयआयटीच्या प्रोफेसरांची एनपीटीईएलची लेक्चर्स पण फुकट असतात, तुमच्याकडं रेंज धड नसते तर कॉलेजच्या वायफायवर डाऊनलोड करून बसमध्ये बघू दे, तसाही तो वेळ वायाच जातो. ग्रुपमध्ये पहिल्यांदा कोडचा भाग तिनं घ्यावा, स्वतः केलेलं सांगताना इंग्लिश मोडकं असलं तरी चालतं, मी असली कितीतरी पोरं बघितलीत.

आणि तिच्या मेंटर सरांना या आठवड्यातच भेटा, पोरीला सोबत घेऊन, कुठल्या विषयाला किती मार्क कमी आहेत आणि अजून कुठली टेस्ट, असाइनमेंट देऊन ते भरून काढता येतील ते कागदावर लिहून घ्या. बीएस्सीचं बोलणं तोवर घरात काढू नका.