जुन्या नाशकातला किंवा नाशकातल्याच सिडको वसाहतीतला एखादा भाग १९९१ पासून कसा बदलला, हे आकड्यांतून कसं काढायचं?

जिल्हा जनगणना पुस्तिकांमधले प्रभागनिहाय तक्ते घ्या: १९९१, २००१, २०११. लोकसंख्येला कुटुंबसंख्येने भागा, कुटुंबाचा आकार कळतो. मग ०-६ वयाच्या मुलांचं प्रमाण बघा. दोन्ही शहराच्या सरासरीपेक्षा जास्त घसरत असतील तर तरुण जोडपी बाहेर पडत असावीत. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची वस्ती असलेल्या सिडकोत हे तपासायलाच हवं.

घोळ होतो तो प्रभागक्रमांकांवरून. हद्दी बदलतात, त्यामुळे तोच क्रमांक म्हणजे तीच वस्ती नव्हे. आधी नकाशे एकमेकांवर ठेवून शेजारचे प्रभाग एकत्र करा. स्थलांतराचे आकडे प्रभागवार मिळत नाहीत. त्यासाठी मतदारयाद्या आणि शाळांच्या पटनोंदी चाळा, आडनावं आणि मातृभाषा बरंच सांगतात.