बलोन्यासाठी पाच चित्रं

अगं,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. मुलांच्या पुस्तकांच्या लेखक-चित्रकारांना मिळणाऱ्या हान्स अँडरसन अवॉर्डला एन्ट्री कशी भरायची असं विचारलंयस, तर ती आपण भरायचीच नसते गं. इबी म्हणून मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९५३ ला झुरिकमध्ये सुरू झालेली, तिच्या देशोदेशीच्या शाखा नावं सुचवतात, दर दोन वर्षांनी, आणि तेही एका पुस्तकासाठी नाही तर आत्तापर्यंतच्या सगळ्या कामासाठी. लेखकांना हे मेडल १९५६ पासून मिळतंय आणि चित्रकारांना १९६६ पासून. मधली दहा वर्षं मला अजून खटकतात.

आल्मा, म्हणजे अॅस्ट्रिड लिंडग्रेनच्या नावाचं बालसाहित्याचं बक्षीस, पण तसंच, स्वीडनचं, ५० लाख क्रोनरचं, तिथेही नाव दुसऱ्यांनीच सुचवायचं. पण २०२० ला ते कोरियाच्या चित्रपुस्तकं करणाऱ्या बेक ही-नाला मिळालं ना, तिचं काम नक्की बघ. ती मातीच्या, कागदाच्या बाहुल्या करते, इवलीशी घरं उभी करते, लाइट लावते आणि मग फोटो काढते, म्हणजे डिजिटल करू की हाताने हा जो प्रश्न तुला दोन महिने छळतोय ना तो सोडूनच दे.

तुझ्यासाठी आत्ता बलोन्या आहे. इटलीतल्या या शहरात भरणाऱ्या बाल-पुस्तकांच्या जत्रेत १९६७ पासून चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, तिथे पाच चित्रं पाठवायची, पुस्तक छापलेलं असायलाच हवं असं नाही. पाचही एकाच गोष्टीची किंवा विषयाची हवीत, आणि इथेच बहुतेकजण घसरतात, आपली सगळ्यात सुंदर अशी पाच वेगवेगळी चित्रं पाठवून देतात. तू मला दाखवलेल्या चित्रांत त्या मुलीच्या स्वेटरला पहिल्या पानावर तीन बटणं आहेत आणि चौथ्या पानावर दोनच. तुटलं असेल तर मधल्या पानात तो दोरा लोंबताना दिसू दे, लहान मुलं हे लगेच पकडतात आणि ज्युरीसुद्धा. आणि प्रत्येक चित्रात तिचा चेहरा समोरून कशाला, एकदा पाठमोरी काढ ना, नुसत्या खांद्यांवरून कळू दे ती रुसलीय ते.

अजून एक, मूळ चित्रं कुणालाही कायमची देऊ नकोस. माझ्या पहिल्या पुस्तकाची चौदा चित्रं प्रकाशकाकडून परत आलीच नाहीत, आणि पुढे प्रदर्शनासाठी मूळ चित्रं मागितली तेव्हा माझ्याकडे फक्त छापील पानं होती, त्या दिवशी खूप रडले होते मी. तू चांगलं स्कॅन करून ठेव, मागे तारीख लिही, आणि करारात चित्रं परत मिळतील हे वाक्य टाकून घे, लाजायचं नाही त्यात.

भरमसाठ फी घेऊन सगळ्यांनाच सर्टिफिकेट वाटणाऱ्या स्पर्धा येतील मेलवर, त्या डिलीट कर.

चौथं पान आधी नीट कर आणि रविवारपर्यंत पाचही एकत्र पाठव, मी जमिनीवर ओळीने मांडून बघणारे.

तुझी ताई